कोंबडीचा बाजारापर्यंतचा प्रवास

आठवड्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या प्रहरीं एक देखावा पुष्कळदां दिसतो. सायकलीच्या किंवा मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंस, पाय सुतळीनें बांधलेल्या दहा-बारा कोंबड्या डोकें खालीं करून लोंबत असतात. त्यांच्या चोंची उघड्या असतात आणि प्रत्येक खड्ड्यासरशीं त्यांचीं डोकीं चाकाच्या आऱ्यांजवळ जातात. पाहणाऱ्याच्या तें अंगवळणीं पडलेलें असतें. नेणाऱ्यास तर त्यांत कांहीं वावगें आहे असें वाटतहि नाहीं. "पाहा, कशा गप्प आहेत!" असें तो वर म्हणतो.

हें गप्प असणेंच फसवें आहे. मनुष्याच्या छातीच्या आणि पोटाच्या मध्यें स्नायूंचा एक पडदा असतो. पक्ष्याला तसा पडदा नसतो. त्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या शरीरांत दूरवर पसरलेल्या असतात आणि त्यांच्या भात्यासारख्या हालचालीवर त्याचा श्वास चालतो. कोंबडी उलटी टांगली म्हणजे यकृत, आंतडीं वगैरे अवयवांचा भार त्या पिशव्यांवर येतो. भरलेल्या गोणीखालीं लोहाराचा भाता दडपावा, तशी तिची अवस्था होते. तिची स्तब्धता ही स्वस्थता नव्हे. भय आणि घुसमट यांचा तो परिणाम होय.

परंतु हालांचा आरंभ रस्त्यावर होत नाहीं. तो खुराड्यांतच होतो. भर दिवसां कोंबडीच्या मागें धावणें हा पहिला प्रमाद. ती जिवाच्या आकांतानें पळते, पंख आपटते, भिंतीवर आदळते. बाकीच्या कोंबड्या एका कोपऱ्यांत एकमेकींच्या अंगावर चढतात आणि तळाची गुदमरून मरते. अंधुक उजेडांत कोंबडीला नीट दिसत नाहीं व ती जागची हलत नाहीं. म्हणून जाणता मनुष्य तिन्हीसांजेनंतर, किंवा फटफटण्यापूर्वीं, मंद दिवा घेऊन खुराड्यांत शिरतो. तो हळू चालतो, मोठ्यानें बोलत नाहीं आणि मुलांना व कुत्र्याला दूर ठेवतो.

धरण्याची रीत अगदीं साधी आहे. दोन्ही तळहात वरून कोंबडीच्या पंखांवर ठेवावे, पंख अंगाशीं मिटलेले राहतील इतपतच दाबावे आणि तिला उचलावें. मग एक हात तिच्या छातीखालीं सरकवून दोन्ही पाय बोटांमध्यें धरावे. तिचें शरीर हाताच्या आधारावर टेकतें, डोकें कोपराकडे वळतें आणि ती शांत होते. एका पायानें, एका पंखानें किंवा मानेनें मात्र तिला कधींहि उचलूं नये. जिनें बरेच दिवस अंडीं दिलेलीं आहेत, तिच्या हाडांतला चुना कवचांत खर्च झालेला असतो. तिचीं हाडें ठिसूळ असतात आणि एका हिसड्यानें मोडतात.

ज्यांना ही सगळी भूतदया निरुपयोगी वाटते, त्यांनीं थोडें अंकगणित करून पाहावें. एका विक्रेत्यानें प्रत्येकी २८० रुपयांना दहा कोंबड्या घेतल्या व ३०० रुपयांना एक याप्रमाणें विकावयास काढल्या असें धरूं. सगळ्या सुखरूप पोंचल्या तर नफा २०० रुपये. वाटेंत एक मेली, तर उरलेल्या नवांवरील नफा १८० आणि तोटा २८०. म्हणजे दिवसभर राबून पदरचे शंभर रुपये गेले. शिवाय जिचा पंख मोडला किंवा मांडी काळीनिळी झाली, तिला कोणी पुरता भाव देत नाहीं. हळुवार हात हा येथें धर्महि आहे आणि व्यवहारहि आहे.

नेण्यासाठीं बांबूची झांकणाची पाटी उत्तम. तींत सर्व कोंबड्या एकाच वेळीं बसूं शकाव्या व प्रत्येकीस मान वर करतां यावी. फटी वारा खेळण्याइतक्या असाव्या, पण डोकें किंवा बोट अडकण्याइतक्या नसाव्या. तळाशीं भाताचा पेंढा पसरावा, म्हणजे पाय घसरत नाहींत. पाट्या एकावर एक रचतांना ओळींमध्यें वाऱ्याला वाट ठेवावी. कोंबडीचें शरीर मुळांतच सुमारें ४१ अंश उष्ण असतें आणि तिला घाम येत नाहीं; चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा उष्णता घालविण्याचा मुख्य मार्ग होय. म्हणून चालत्या गाडीपेक्षां उन्हांत उभी केलेली गाडी अधिक घातक ठरते. चालक चहा पिण्यास उतरतो, तेवढ्या अवधींत मधल्या पाट्यांतील कोंबड्या दगावतात.

कायद्यानेंहि याकडे लक्ष पुरविलें आहे. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें, विनाकारण वेदना होतील अशा रीतीनें प्राणी नेणें हा अपराध आहे. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधींचे १९७८ चे नियम आहेत; त्यांत पुढें दुरुस्ती होऊन कोंबड्यांसाठीं स्वतंत्र कलमें आलीं. ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा झोत यांपासून त्यांचें रक्षण करावें, निघण्यापूर्वीं त्यांस दाणापाणी द्यावें आणि हवेचें तपमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खालीं असतां त्यांना नेऊं नये, असें तीं सांगतात. खानदेश-विदर्भांतील वैशाखांत दुपारीं पारा चाळिशीपार जातो. अशा वेळीं भर दिवसां कोंबड्या लादून निघणें हें किती अविचाराचें आहे, तें यावरून उघड होईल.

आणखी एक सावधगिरी. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांमध्यें बर्ड फ्ल्यूची सांथ उद्भवली. भारतांतील त्या रोगाची ती पहिली नोंद, आणि त्यापायीं लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. रोग विष्ठा लागलेल्या पाट्यांबरोबर आणि न धुतलेल्या हातांबरोबरहि प्रवास करतो. म्हणून आजारी कोंबडी बाजारांत नेऊं नये, आणि परतल्यावर पाटी धुवून उन्हांत वाळवावी.

शहरांतील गृहस्थाला वाटेल, हें सारें खेडुतानें ऐकावयाचें. तसें नाहीं. बाजार गिऱ्हाइकाकडे पाहून चालतो. उलट्या लोंबणाऱ्या कोंबड्यांपुढून सुशिक्षित गिऱ्हाईक मुकाट्यानें पुढें गेलें नाहीं आणि "पाटींतून आणलेलीच घेईन" असें शांतपणें म्हणालें, तर पुढच्या आठवड्यास विक्रेता पाटी शोधूं लागेल. कोंबडीच्या आयुष्याचा शेवट ठरलेला असला, तरी त्या शेवटापर्यंतची वाट तिनें कशी काढावी, हें मात्र सर्वस्वीं माणसाच्या हातीं आहे.