ताबुताचा कागद, पतंगाचा कागद



कलेची प्रेरणा कोठून येते, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष सांगतो, श्रद्धेतून. दुसरा सांगतो, भोवतालातून, म्हणजे दुकानाची पाटी, काडेपेटीवरचे चित्र, साडीचा काठ, नाण्याची छाप यांतून. पहिल्याला दुसरा उथळ वाटतो, दुसऱ्याला पहिला जुनाट. माझे म्हणणे असे की या दोन उत्तरांचा उगम एकच आहे. श्रद्धा कलावंतापर्यंत पोहोचते ती बहुतेक वेळा कोणीतरी घडवलेल्या, विकत आणलेल्या, मिरवलेल्या वस्तूच्या रूपाने. ग्रंथातला सिद्धांत पुढे केव्हातरी कळतो. आधी डोळ्यांत भरतो तो ताबुताचा चमचमता कागद, निशाणाची किनार, मखराची कमान. आपण संमेलनासाठी कोलकात्यात जमलो आहोत, तेव्हा या म्हणण्याची पारख शहराच्या नैर्ऋत्येला हुगळीकाठी वसलेल्या गार्डन रीचमध्येच करू.

बाहेरच्यांना हा भाग माहीत असतो तो जहाजबांधणीच्या कारखान्यामुळे आणि रेल्वेच्या मुख्यालयामुळे. त्याच्याच पोटात मटियाबुर्ज आहे. फेब्रुवारी 1856 मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले आणि मे महिन्यात नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला आला. सत्तावनच्या उठावात त्याला फोर्ट विल्यममध्ये अडकवून ठेवले. सुटल्यावर सप्टेंबर 1887 मध्ये मरेपर्यंत तो मटियाबुर्जलाच राहिला. त्याच्यामागोमाग गवई, नर्तक, आचारी, शिंपी, पतंगवाले असा सारा गोतावळा आला आणि नदीकाठी दुसरे लखनौ उभे राहिले. अब्दुल हलीम शरर यांचे बालपण याच वस्तीत गेले आणि लखनौच्या संस्कृतीवरच्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात तिचे वर्णनही आले. राज्य गेलेल्या माणसाने काय काय सोबत आणले, हे पाहण्यासारखे आहे. 1864 मध्ये त्याने सिब्तैनाबाद इमामबाडा बांधला. त्याची कबर तिथेच आहे. म्हणजे हरवलेली राजधानी पुन्हा उभी करताना त्याला शोकाचे घरही हवे होते, आणि ते शोभिवंत हवे होते.

त्याच्या राजचिन्हाकडे जरा बारकाईने पाहू. मासा हे अवधचे जुने शुभचिन्ह. 1819 मध्ये तिथल्या गाझिउद्दीन हैदर या नवाबाने स्वतःला राजा म्हणवून घेतले, तेव्हा मुकुटाचे आणि राजवेषाचे आराखडे केले रॉबर्ट होम या इंग्रज चित्रकाराने. तेव्हापासून युरोपीय राजचिन्हांची मांडणी अवधच्या दरबारात रुजली. वाजिद अली शाहच्या नाण्यांवर तर दोन जलपऱ्या समोरासमोर उभ्या आहेत, कमरेखाली मासा आणि वर मुकुट. नाणे म्हणजे दृश्यरचनेचा सर्वांत सार्वजनिक नमुना. भाजीवालीच्या कनवटीलाही ते असते. बाजारात खणखणणारे हे राजचिन्ह इमामबाड्यातही दिसते, आणि तिथेच अलमावर, म्हणजे मोहरमच्या निशाणावर, पंजा असतो. त्याची पाच बोटे म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. 680 साली करबलाच्या रणात पाणी आणायला गेलेल्या अब्बासचे, हुसेनच्या भावाचे, हात तुटले, त्याचीही ती आठवण. जलपरी आणि पंजा एका छपराखाली नांदतात, पाहणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. राजाची छाप कुठे संपते आणि भक्ताचे चिन्ह कुठे सुरू होते, अशी रेघ तिथे मारता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : इस्लामला प्रतिमा वर्ज्य, मग त्या धर्मातून चित्रकलेला प्रेरणा कशी मिळणार? आक्षेप घेणारा मशिदीचा नियम इमामबाड्याला लावतो. इमामबाडा ही करबलाचा शोक करण्याची जागा आहे, तिथे आठवण डोळ्यांसमोर उभी करावी लागते. म्हणून ताजिया (आपला ताबूत), अलम, हंड्याझुंबरे आणि मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा. शिवाय ज्या घरात मोहरम पाळला जाई, त्याच घरात कृष्णलीलाही रंगे. वाजिद अली शाहने तरुणपणी राधाकृष्णावर रहस, म्हणजे रासाचे नृत्यनाट्य, लिहिले आणि मटियाबुर्जच्या दिवसांतही रहसाचा छंद सोडला नाही. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (1977) याच राजाची कृष्णवेष आणि मोहरम ही दोन्ही रूपे दाखवली. मला त्यात समन्वयाच्या घोषणेपेक्षा अधिक महत्त्वाचे काही दिसते. मोरपीस, मुकुट, जरीचा शेला ही वेषभूषा त्या काळी सर्वांच्या डोळ्यांत रुजलेली होती आणि ती शिवणाऱ्याचा धर्म कोणी विचारत नव्हते.

आजही मटियाबुर्ज शिवणकामावर जगते. कापड बेतून, कापून, घरोघर शिवायला देऊन माल उभा करणाऱ्याला तिथे ओस्तागर म्हणतात. शनिवार-रविवारच्या हाटात तयार कपड्यांचे गठ्ठे लांबलांबचे व्यापारी नेतात. ईद आणि दुर्गापूजा हे तिथले दोन मोठे हंगाम. षष्ठीला मंडपात मिरवणाऱ्या बंगाली मुलीचा नवा झगा बहुधा मुसलमान कारागिराच्या यंत्राखालून गेलेला असतो. त्याच वस्तीत पतंगही होतात. बांबूच्या कामट्या पातळ तासायच्या, त्या नेमक्या बाकाने वाकवायच्या, खळ लावून रंगीत कागद ताणून बसवायचा. हे पतंगाचे काम, आणि ताजियाचेही हेच. साहित्य तेच, हात तेच. फक्त एकाला आकाशात न्यायचे असते आणि दुसऱ्याला खांद्यावर. कडेगावचे उंच ताबूत ज्यांना ठाऊक आहेत, त्या सांगलीकरांना हे निराळे सांगायला नको. तिथल्या ताबुतांत हिंदू घराण्यांचेही मान आहेत. लोकमान्यांच्या काळात सार्वजनिक गणेशोत्सवाचे मेळे उभे राहिले, तेव्हाही मोहरमच्या मिरवणुकीचा नमुना समोर होता, मग तो स्पर्धेच्या भावनेने का असेना.

आता हे सारे थोर कलेपर्यंत पोहोचते का? पोहोचते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. त्यांच्या घोड्यांचे मूळ इंदूरच्या मोहरमात पाहिलेल्या दुलदुलात आहे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण दुलदुल एकटा पुरला नसता. मुंबईत ते सिनेमाची भव्य फलके रंगवत होते, मुलांसाठी लाकडी खेळणी आणि फर्निचर घडवत होते. रुंद कुंचला, एका दमात ओढलेली रेषा, लांबूनही ओळखू येईल असा आकार हे फलक रंगवणाऱ्याचे कसब आहे. श्रद्धेने घोडा दिला, पोटापाण्याच्या धंद्याने रेषा दिली. दादासाहेब फाळक्यांचेही तसेच. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना राम आणि कृष्ण त्यांच्या मनःचक्षूंसमोर आले, असे त्यांनी ‘नवयुग’ मासिकात लिहिले. पण ते दिसले त्यांना, कारण रविवर्म्याच्या छापखान्यात त्यांनी काम केलेले होते. देवघरातल्या तसबिरी कशा छापल्या जातात, रंगावर रंग कसा चढतो, हे त्यांच्या हाताला माहीत होते. भक्त पुष्कळ होते, ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये काढला तो छापखान्यातल्या माणसाने.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कलावंत श्रद्धाळू नसेल तर? राय ब्राह्मो घराण्यातले, मूर्तिपूजा न मानणाऱ्या परंपरेतले, आणि 1943 पासून जाहिरात कंपनीत चित्रे काढणारे. तरी ‘देवी’ची (1960) सुरुवात पाहा. आधी देवीचा कोरा पांढरा चेहरा दिसतो, मग त्यावर डोळे आणि साज चढत जातो. चित्रपटाचा सगळा विषय, म्हणजे माणसांनी एका मुलीला देवी करणे, मूर्तिकाराच्या कामाच्या क्रमातून सांगितला गेला आहे. श्रद्धेवर शंका घेण्यासाठीसुद्धा रायांना श्रद्धेची कारागिरी जवळून पाहावी लागली. म्हणून कलावंताला श्रद्धा असलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. श्रद्धेने घडवलेल्या वस्तूंकडे त्याने तुच्छतेने पाहू नये, एवढेच म्हणतो.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो टाळणे भ्याडपणाचे होईल : दुसऱ्याच्या देवाला हात लावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हुसेन यांच्यावर याच कारणाने खटले झाले. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचे खटले रद्द केले, तरी परदेशी गेलेले हुसेन परतले नाहीत आणि 2011 मध्ये लंडनला वारले. भाविकाचे मन दुखावते हे मी नाकारत नाही, त्याला निषेधाचा हक्क आहे. पण मालकीचा दावा वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. देवाचे रूप ज्या हातांनी आपल्या डोळ्यांपर्यंत आणले, ते हात कधीच एका जातीचे वा धर्माचे नव्हते. पूजेचा झगा मटियाबुर्जला शिवला जातो, नवाब कृष्णाचा खेळ रचतो, गणपतीचा मेळा ताबुतावरून रूप घेतो. मालकी सांगायचीच तर ती आधी या कारागिरांची निघेल, आणि त्यांनी ती कधी सांगितलेली नाही.

म्हणून या व्यासपीठावरून एक मागणी करतो. आपल्या कलाशाळांत अजिंठ्याची रेषा शिकवतात, युरोपातले कलासंप्रदाय शिकवतात, ते योग्यच आहे. त्याबरोबर कडेगावचा ताबूत बांधणारे, पेणचे मूर्तिकार, मटियाबुर्जचे ओस्तागर आणि पतंगवाले यांची कामाची पद्धत मराठीत नोंदली जावी : कामटी किती जाड, खळ कशाची, कापड बेतताना आधी काय कापतात, नमुना कोण ठरवतो. विद्यार्थ्यांनी ती वाचून न थांबता त्यांच्या हाताखाली एक हंगाम काम करावे, आणि त्या कारागिरांना पाहुणे म्हणून न बोलावता शिक्षकाचे मानधन देऊन नेमावे. पुढच्या संमेलनाच्या आधी अशी एक नोंदवही तरी छापून तयार असावी, असा ठराव मी आपल्यापुढे मांडत आहे.