ऑटोमॅटिक घड्याळ मध्येच का थांबते?

मनगटाच्या हालचालीवर चालणारे, म्हणजेच ऑटोमॅटिक, घड्याळ वरचेवर बंद पडू लागले की ते बिघडले असे मानले जाते. वास्तविक पुष्कळदा त्याच्या स्प्रिंगमध्ये पुरेशी चावीच भरलेली नसते. या घड्याळात बॅटरी नसून यंत्रावर बसवलेले अर्धवर्तुळाकार वजन, ज्याला रोटर म्हणतात, हाताबरोबर फिरते आणि दातेरी चाकांमार्फत मुख्य स्प्रिंग गुंडाळत राहते. ही कल्पना अठराव्या शतकातली असली, तरी मनगटी घड्याळासाठी ती वापरणाऱ्या जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीला तिचे स्विस पेटंट १९२४ साली मिळाले. पूर्ण चावी भरलेले साधारण घड्याळ सुमारे ४० तास चालते; त्यामुळे शनिवारी दुपारी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी बंद आढळले, तर तो दोष नव्हे. दिवसभर बैठे काम करणाऱ्याच्या हातावरही चावी अपुरी भरते.

दोष नेमका कोठे आहे हे कळण्यासाठी बटण हलकेच तीस-चाळीस वेळा फिरवून चावी भरावी आणि घड्याळ न हलवता ठेवून द्यावे. (सीको फाइव्हच्या बऱ्याच जुन्या घड्याळांत बटणाने चावी भरता येत नाही, ती हातात धरून डोलवावी लागतात.) एवढे करून ते ४० तासांच्या आसपास चालले, तर पुढील यंत्रणा ठीक असून रोटर किंवा त्याची चाके चावी भरत नाहीत, असे समजावे. तेच काही तासांत थांबले, तर स्प्रिंगची शक्ती वाटेत अडते, आणि याचे नेहमीचे कारण म्हणजे वाळलेले तेल व साचलेला मळ. जास्त चावी दिल्याने घड्याळ अडकले, हे दुकानांत सर्रास ऐकू येणारे निदान मात्र येथे सहसा टिकत नाही, कारण ऑटोमॅटिकमधील स्प्रिंगचे बाहेरचे टोक पूर्ण ताण आल्यावर स्प्रिंग ठेवलेल्या डबीच्या भिंतीवरून घसरते.

थांबण्याची वेळही बोलकी असते. घड्याळ दर वेळी मध्यरात्रीच्या सुमारास थांबत असेल, तर तारीख बदलणाऱ्या यंत्रणेचा भार त्याला पेलत नाही. काटे एकमेकांवर येतात तेव्हाच थांबत असेल, तर ते घासत असण्याचा संभव असतो. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत बटणाने तारीख बदलल्यास तारखेच्या यंत्रणेचे दाते मोडू शकतात.

मागचे झाकण घरी उघडू नये. घड्याळजीकडे जाताना घड्याळ किती तास चालले आणि काटे कोठे थांबले, हे कागदावर लिहून न्यावे.