'थ्रिलर'चं पहिलं गाणं कोणतं?

(गेल्या वर्षी कोजागरीच्या कार्यक्रमात मंडळाच्या प्रश्नमंजूषा समितीतर्फे केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून दिलं आहे.)



दूध अजून आटतंय, तोवरचा वेळ आम्ही कार्यकारिणीकडून मागून घेतला आहे. गाण्यांवर बोलणार असं पत्रकात छापलं आहे आणि ते खरंच आहे. पण आधी एक चूक कबूल करायची आहे, गाण्यांचं पुढे आपोआप येईल.

गणेशोत्सवातली प्रश्नमंजूषा आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. अंतिम फेरीत दोन संघ बरोबरीत आले होते. शेवटचा प्रश्न आम्ही विचारला : मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर' या अल्बमचं लीड सिंगल कोणतं? अकरावीतल्या एका मुलीनं घंटी दाबली आणि म्हणाली, 'द गर्ल इज माइन'. आमच्या कागदावर 'बिली जीन' लिहिलेलं होतं. आम्ही 'चूक' म्हणालो. समोरच्या संघानं 'बिली जीन' सांगितलं, टाळ्या पडल्या आणि ढाल तिकडे गेली. मंचावरून उतरताना ती मुलगी एवढंच म्हणाली, "काका, एकदा तारखा बघून घ्या ना." आम्ही हसून सोडून दिलं. पुढे आरतीची घाई होती.

तारखा बघायला आम्हाला चार दिवस लागले, विसर्जन होऊन गेल्यावर. 'द गर्ल इज माइन' बाजारात आलं ऑक्टोबर १९८२ मध्ये. 'थ्रिलर' आला नोव्हेंबरच्या अखेरीला. आणि 'बिली जीन' सिंगल म्हणून आलं जानेवारी १९८३ मध्ये. म्हणजे मुलगी बरोबर आणि आम्ही चूक.

आता समितीत पाच डोकी. चूक कळल्यावर ती मान्य करायच्या आधी ती चूकच कशी नाही हे सिद्ध करायचा प्रयत्न होतोच, तसा आमच्यातही झाला. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, लीड म्हणजे प्रमुख; नाटकात लीड रोल म्हणतो तसं. 'थ्रिलर'मधलं प्रमुख गाणं 'बिली जीन'च, मग उत्तर बरोबर. दुसरे म्हणाले, लीड म्हणजे पुढे चालणारा, दिंडीत पताकाधारी असतो तसा. यावर आमच्या तीन बैठका झाल्या. चहा किती झाला ते खजिनदारांना माहीत आहे.

सिंगल म्हणजे काय, हे इथल्या आजी-आजोबांना समजावून सांगायची गरज नाही. ७८ची तबकडी घरात ज्यांनी वाजवली आहे त्यांना ठाऊक आहे : या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक. पुढे १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं सावकाश फिरणारी मोठी एलपी आणली, १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरनं सात इंची ४५ची तबकडी आणली आणि दोन वाटा झाल्या. गाणं सुटं घ्यायचं तर छोटी तबकडी, गठ्ठ्यानं घ्यायचं तर मोठी. छोटी स्वस्त. रेडिओवाल्यांना ती पाठवायची, त्यांनी ती दिवसभर वाजवायची आणि लोकांच्या कानात गाणं बसलं की मोठी तबकडी दुकानात ठेवायची. कार्याच्या आधी घरोघरी पत्रिका जाते, तसं हे गाणं. अमुक गायकाचा अल्बम येतो आहे, अगत्य येण्याचे करावे.

आपल्याकडे ही चाल फारशी नव्हती आणि आमची चूक तिथंच झाली असावी. आपण वाढलो सिनेमाच्या गाण्यांवर. सिनेमाची गाणी एकत्र येत, कुठलं वर जाणार ते श्रोते ठरवत आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सयानी ते जाहीर करत. 'बिनाका गीतमाला' १९५२ साली सुरू झाली आणि वर्षअखेर सरताज गीत कोणतं यावर घरात पैजा लागत. त्यामुळे 'पहिलं गाणं' म्हटलं की आपल्या मनात येतं ते क्रमवारीतलं पहिलं. तारखेनं पहिलं हा विचारच येत नाही. प्रश्न काढताना आम्ही 'थ्रिलर'चं सरताज गीत लिहून मोकळे झालो.

'बिली जीन' सगळ्यांच्या डोक्यात आधी का येतं, यालाही कारण आहे. १९८३च्या मार्चमध्ये ते अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं आणि सात आठवडे तिथं राहिलं. मेमध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर मोटाउन कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम दाखवला गेला. त्यात याच गाण्यावर जॅक्सननं पुढे चालतोय असं भासवत मागे सरकण्याची ती चाल केली. मूनवॉक एकदा पाहिल्यावर त्याच्या आधीचं काही कुणाला आठवणार!

'द गर्ल इज माइन' त्या मानानं साधं, गोडसर गाणं. जॅक्सन आणि पॉल मॅकार्टनी एका मुलीवरून लाडिक भांडतात, एवढंच. ते ऐकून बऱ्याच समीक्षकांना वाटलं होतं की अल्बम बेताचाच असणार. मग नऊ गाण्यांमधून हेच पुढे का पाठवलं? जॅक्सननं 'मूनवॉक' या १९८८च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. एवढी दोन मोठी नावं एका गाण्यात असली की ते आधी काढावं लागतं, नाहीतर रेडिओवाले ते आपणहून वाजवून वाजवून शिळं करतात. हे गाणं बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पहिलं झालं नाही. पुढे त्या अल्बममधून एकूण सात सिंगल्स निघाली आणि सातही पहिल्या दहांत आली. पण सातांतलं पहिलं तेच.

तेव्हा लीड म्हणजे प्रमुख हा अर्थ आम्ही सोडला. अजून एका उदाहरणानं तो सोडवला, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८४ साली ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न इन द यू. एस. ए.' जवळपास तयार होता. त्याचा व्यवस्थापक जॉन लँडाऊ म्हणाला, सगळं छान आहे, पण पुढे पाठवायला यात गाणं नाही. स्प्रिंगस्टीन वैतागला. ढीगभर गाणी लिहून झाली होती. त्या वैतागातच त्यानं एका रात्रीत 'डान्सिंग इन द डार्क' लिहिलं, आपल्याच थकव्याबद्दल आणि काही सुचत नसल्याबद्दल. मेमध्ये ते आलं, जूनमध्ये अल्बम आला. गाणं दुसऱ्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे अडकलं. त्यातले बहुतेक आठवडे वाट अडवली ती प्रिन्सच्या 'व्हेन डव्हज क्राय'नं, म्हणजे 'पर्पल रेन'च्या लीड सिंगलनं. एकट्याच्या नावावर स्प्रिंगस्टीनला त्या यादीत पहिला क्रमांक आजवर मिळालेला नाही. ज्याचा जन्मच पुढे चालण्यासाठी झाला असं हे गाणं. ते अल्बममधलं सर्वांत थोर आहे की नाही, हा वेगळा वाद. आमच्यात दोघांना ते मुळीच आवडत नाही.

मग ठरलं, तारखेनं पहिलं. सोपं वाटलं ना? आम्हालाही वाटलं होतं.

बीटल्सनी १९६६च्या नोव्हेंबरअखेर नव्या अल्बमचं काम सुरू केलं. सुरुवात केली ती 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'नं, पाठोपाठ 'पेनी लेन' झालं. बरेच महिने नवं सिंगल नव्हतं, कंपनीला घाई होती. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी तीच दोन गाणी देऊन टाकली आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये ती एका तबकडीच्या दोन बाजूंवर आली. इंग्लंडमध्ये तेव्हा एक रिवाज होता : सुटं विकलेलं गाणं शक्यतो एलपीत पुन्हा घालायचं नाही, गिऱ्हाइकाकडून दोनदा पैसे घेतल्यासारखं होतं. (हा रिवाज कधी आणि का बुडाला, यावर वेगळं भाषण होईल.) त्यामुळे 'सार्जंट पेपर' आला त्यात ही दोन्ही गाणी नव्हती. हा निर्णय आपल्या आयुष्यातली मोठी चूक, असं मार्टिन पुढे म्हणत. इंग्लंडच्या मुख्य यादीत ही तबकडी दुसऱ्या क्रमांकावर थांबली. पहिल्यावर होता एंगलबर्ट हंपरडिंक. या गृहस्थांचा जन्म मद्रासचा.

आता ही दोन गाणी 'सार्जंट पेपर'ची लीड सिंगल्स म्हणायची का? त्याच कामातून निघाली, आधी आली, पण अल्बमात नाहीत. आम्ही 'नाही' म्हटलं. लगेच पुढचा पेच : त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत 'मॅजिकल मिस्टरी टूर'ची एलपी निघाली आणि तिच्यात ही दोन्ही गाणी घातली. मग त्या एलपीची ती लीड सिंगल्स का? अल्बमात आहेत, आधीही आली. तरीही नाही, कारण फेब्रुवारीत ती आली तेव्हा त्या एलपीचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. जे कार्य ठरलंच नाही त्याची पत्रिका कशी असेल?

उलट बाजूचं उदाहरण आमच्या समितीतल्या एकांच्या नातीनं दिलं. अरियाना ग्रांडेनं २०१५च्या ऑक्टोबरमध्ये 'फोकस' हे गाणं येणाऱ्या अल्बमचं लीड सिंगल म्हणून काढलं. चाललंही बरं. पण पुढे अल्बमचं नाव बदललं, रूप बदललं, आणि २०१६ मध्ये 'डेंजरस वूमन' या नावानं तो आला तेव्हा 'फोकस' त्यात नव्हतं. फक्त जपानच्या आवृत्तीत जादा गाणं म्हणून राहिलं. मार्चमध्ये आलेलं 'डेंजरस वूमन' हे गाणं लीड सिंगल ठरलं. पत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त बदलला आणि पत्रिका पुन्हा छापल्या.

देश बदलला की उत्तर बदलतं, असंही आढळलं. डायर स्ट्रेट्सच्या १९८५च्या 'ब्रदर्स इन आर्म्स'मधून इंग्लंडात आधी आलं 'सो फार अवे', अमेरिकेत आधी आलं 'मनी फॉर नथिंग'. असा प्रश्न विचारायचा तर देश सांगून विचारला पाहिजे, हे आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. एड शीरननं ६ जानेवारी २०१७ रोजी 'शेप ऑफ यू' आणि 'कॅसल ऑन द हिल' दोन्ही एकदम काढली; तिथं दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील. आणि टेलर स्विफ्टच्या 'फोकलोर'चं 'कार्डिगन' आलं ते अल्बमच्याच दिवशी, २४ जुलै २०२० रोजी. अल्बमच्या आधी यायलाच हवं, हेही त्यामुळे गेलं. सिंगल्समध्ये पहिलं असलं म्हणजे झालं.

पण एकाच दिवशी सगळीच गाणी फोनवर सुटी ऐकता येत असताना त्यातलं एक 'सिंगल' कशामुळे, असं कुणी विचारेल. पूर्वी सिंगल ही दुकानात मिळणारी वस्तू होती. १९९८च्या डिसेंबरपर्यंत बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड यादीत सुटं विकायला न काढलेलं गाणं धरतच नसत. नो डाउट या चमूचं 'डोन्ट स्पीक' अमेरिकेच्या रेडिओवर सोळा आठवडे सर्वांत जास्त वाजलं, पण सुटी तबकडी काढली नव्हती म्हणून त्या यादीत त्याचं नावच नाही. आज वस्तू उरली नाही, उरली ती कंपनीची घोषणा : हे आमचं सिंगल, हे रेडिओनं वाजवावं, याचा व्हिडिओ केला आहे. चव देण्यापुरतं पुढे सोडलेलं गाणं आणि सिंगल यांतला फरकही आता एवढाच. आम्हाला हे फार समाधानकारक वाटत नाही, पण याहून बरी खूण आम्हाला सापडली नाही.

तर समितीनं वहीत लिहिलं ते असं. जे गाणं अमुक अल्बममधलं म्हणून सुटं प्रसिद्ध झालं, त्या अल्बममध्ये राहिलं, आणि अशा गाण्यांत तारखेनं सर्वांत पहिलं, ते लीड सिंगल. गाजलं की नाही ते पाहायचं नाही. एकांनी अजून सही केलेली नाही. ते 'प्रमुख'वर ठाम आहेत. त्यांच्याही हिशेबानं त्या रात्री 'चूक' म्हणायला नको होतं, एवढं त्यांनी मान्य केलं आहे.

राहिला ढालीचा विषय. त्या रात्री आम्ही उत्तर बरोबर धरलं असतं तर पुढचा संघ बोललाच नसता, म्हणजे ढाल कुणाची हे उघड आहे. हे जिंकलेल्या संघाला कसं सांगायचं, यावर चौथी बैठक बोलावली होती. ती भरायच्या आतच त्या संघाचा कर्णधार ढाल घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "तारखा मीही त्याच रात्री बघितल्या होत्या, काका. तुम्ही काय करता ते बघत होतो." आमच्यापैकी कुणालाच यावर बोलता आलं नाही.

ढाल इथं टेबलावर आहे. त्याच्या संघाचं नाव काढून नवं कोरायला देणार होतो, पण सराफ्यातले कारागीर म्हणाले, दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही, म्हणून सध्या कागद चिकटवला आहे. बेटा, वर ये. संघालाही घेऊन ये.