दमा: बालपणींचा आणि प्रौढपणींचा



दम्याचा रोगी समोर बसला म्हणजे डॉक्टर त्याला एक साधा प्रश्न विचारतात: ‘हा त्रास प्रथम कधीं सुरू झाला?’ ऐकणाराला हा प्रश्न नोंदवहीपुरता वाटतो. परंतु पुढील तपासाची दिशा पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर ठरते. सातव्या वर्षीं जडलेला दमा आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं जडलेला दमा यांचें नांव एक असलें, तरी प्रकृति एक नाहीं.

श्वासनलिकांचें अस्तर सुजतें, भोंवतालचे स्नायू आकसतात, चिकट कफ सांचतो आणि श्वास सोडतांना छाती वाजते. येथपर्यंत दोन्ही प्रकार सारखे. भेद आहे तो या सुजेच्या मुळाशीं.

बालपणींच्या दम्याच्या मुळाशीं बहुधा वावडें असतें. अशा मुलाला पुष्कळदां तान्हेपणीं इसब झालेला असतो, सकाळीं शिंकांचा सपाटा सुरू होतो, आणि घरांत आणखी कोणाला तरी असाच विकार असतो. गादी-उशांतील डोळ्यांना न दिसणारे कीटक, झुरळें, बुरशी यांनीं त्याच्या नलिका चटकन् चिडतात. आनुवंशिकतेचा वांटा येथें मोठा आहे. १७ व्या गुणसूत्राच्या एका भागाचा बालपणींच्या दम्याशीं असलेला संबंध २००७ सालीं संशोधकांनीं दाखविला. मुलींपेक्षां मुलग्यांना या वयांत हा विकार अधिक जडतो. मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत सर्दीबरोबर ज्याची छाती वाजते, त्या प्रत्येक बालकाला दमाच असतो असें नाहीं.

प्रौढपणीं चित्र पालटतें. येथें स्त्रियांची संख्या अधिक, आणि वावड्याचा पुरावा पुष्कळदां सांपडत नाहीं. त्याऐवजीं जुनाट सायनस, नाकांत वाढलेलें मांस, स्थूलपणा अशा गोष्टी आढळतात. कांहींना ॲस्पिरिन किंवा त्या वर्गांतील वेदनाशामक गोळी घेतल्यावर थोड्याच वेळांत जोराचा झटका येतो. व्यवसायाचीहि चौकशी करावी लागते: भटारखान्यांतील पीठ, सुतारकामाचा भुसा, मोटारींना फवाऱ्यानें देतात त्या रंगांतील आयसोसायनेट. रजेच्या दिवशीं बरें वाटतें आणि कामावर रुजू होतांच धाप लागते, ही मोठी खूण होय. कारण लवकर दूर केलें तर रोग ओसरण्याचा संभव असतो. विलंब झाला तर काम सोडल्यावरहि तो पुष्कळदां राहतो.

मुलांचा दमा वयांत येण्याच्या सुमारास अनेकदां ओसरतो. प्रौढपणींचा सहसा आपोआप जात नाहीं. परंतु ‘मोठा झाला म्हणजे जाईल’ असें म्हणून उपचार टाळणें योग्य नव्हे. न्यूझीलंडमधील डनेडिन येथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या मुलांची पाहणी वर्षानुवर्षें चालली. २००३ च्या वृत्तांतानुसार, सव्विसाव्या वर्षापर्यंत चारांपैकीं एकाहून अधिक जणांचा छाती वाजण्याचा त्रास कायम राहिला होता किंवा थांबून पुन्हां उद्भवला होता. ‘आतां वय झालें, धाप लागायचीच’ ही दुसरी समजूतहि तितकीच घातक. धाप ही वयाची नव्हे, रोगाची खूण आहे. तो रोग दमा आहे, हृदयविकार आहे, कीं विडीच्या वा चुलीच्या धुरानें फुप्फुसें झिजलीं आहेत, हें श्वासमापनानें व इतर तपासण्यांनीं ठरवावें लागतें.

उपचाराचा पाया मात्र दोहोंत एकच: सूज उतरविणारें, श्वासावाटे घ्यावयाचें स्टेरॉइड. तें अल्प मात्रेंत थेट नलिकांत पोंचतें. इन्हेलरची संवय लागते ही भीति निराधार आहे. झटक्यापुरता नलिका रुंद करणारा फवारा घेऊन सूज तशीच ठेवणें धोक्याचें. प्रौढांना व किशोरांना असा नुसता फवारा देऊं नये, असें दम्याविषयींचें जागतिक मार्गदर्शन २०१९ पासून सांगत आहे.

डॉक्टरांकडे जातांना त्रास केव्हां सुरू झाला, रात्रीं झोपमोड होते काय, काम कोणतें, गोळ्या कोणत्या, हें लिहून न्यावें. आणि रोगी लहान असो वा मोठा, त्याला एक वाक्य एका दमांत पुरें करतां येईना किंवा त्याचे ओठ निळे पडूं लागले, तर सकाळची वाट न पाहतां त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.