नाईलचा पूर आणि पॅसिफिकचा झोका

इजिप्तमध्यें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. तरी तेथील शेतकरी हजारों वर्षें एका पावसाळ्यावरच जगत आला. तो पावसाळा त्याच्या आकाशांतला नव्हे, दूर दक्षिणेस इथिओपियाच्या डोंगरपठारावरचा. कैरोच्या रोडा बेटावरील मापस्तंभावर पूर किती चढला हें पाहून सारा आकारला जाई. पूर उणा कां आला, याचें उत्तर मात्र त्या स्तंभापाशीं नव्हतें.

इथिओपियांत जून ते सप्टेंबरच्या पावसाला ‘किरेम्त’ म्हणतात. राजगिऱ्यासारखें बारीक असें टेफ नांवाचें तेथील मुख्य धान्य याच पावसावर पिकतें, आणि आस्वानकडे जाणाऱ्या नाईलच्या पाण्याचा सुमारें ८५ टक्के भागही याच पठारावरून येतो.

१९०४ ते १९२४ या काळांत हिंदुस्थानांतील वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. मान्सूनचें भाकित करतां यावें म्हणून त्यांनीं जगभरच्या हवेच्या दाबाचे आंकडे पडताळून पाहिले. त्यांत नाईलच्या पुराचेही आंकडे होते. पॅसिफिकवर दाब वाढला कीं हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलटही होतें, असें त्यांना आढळलें. जणूं झोपाळाच! भाकिताचा मूळ हेतु फारसा साधला नाहीं; हातीं लागलें तें त्याहून मोठें होतें. पेरूचे कोळी ज्याला ‘एल निन्यो’ म्हणत, तें समुद्राचें तापणें याच झोक्याचें दुसरें अंग आहे, हें पुढें १९६९ मध्यें याकोब ब्यर्कनेस यांनीं दाखविलें.

पूर्व पॅसिफिक तापला म्हणजे ढगांची गर्दी तिकडे सरकते. हिंदुस्थानावरून आफ्रिकेकडे अतिशय उंचावरून धांवणारा पूर्वेचा वारा मंदावतो, इथिओपियावर हवेला वर चढण्यास साहाय्य उरत नाहीं, आणि किरेम्त रोडावतो. म्हणूनच १८७७ सालीं हिंदुस्थानांत पावसानें ओढ दिली, तेव्हां नाईलचा पूरही फार उणा आला. गंमत अशी कीं, त्याच देशाच्या दक्षिण भागांत अशा वर्षीं आक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस बहुधा जास्तच होतो.

२०१५ मध्यें हेंच घडलें. पॅसिफिक तापत असल्याचें वेधशाळांनीं मार्चमध्येंच जाहीर केलें होतें. तरी वर्षअखेर सुमारें १ कोटी इथिओपियन लोकांना अन्नसाहाय्याची गरज पडली.

या मोठ्या झोक्यापोटीं एक लहान झोकाही आहे. १९७१ मध्यें मॅडन व ज्यूलियन यांनीं तो उजेडांत आणला. विषुववृत्ताच्या आसपास ढगांचा एक ताफा हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकतो, आणि ३० ते ६० दिवसांनीं हें चक्र पुन्हा सुरू होतें. भर पावसाळ्यांतली झड आणि उघडीप यांच्याशीं त्याचा संबंध असतो. त्याची चाल दोनतीन आठवडे आधीं अजमावतां येते. पेरणी थोडी पुढें ढकलावी कीं काय, हें ठरवावयाला शेतकऱ्यास तेवढा अवधि पुरतो. बाजार पडण्यापूर्वीं बैलजोडी विकावी कीं काय, यासाठीं मात्र पॅसिफिककडेच पाहावें लागतें.