चाऱ्याचा बुडखा चिरून पाहा



 'फुले हरिता' हा ओट मुळा नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या या राहुरीच्याच कृषी विद्यापीठाचा. हिवाळ्यात आमच्या गव्हाणी ओटामुळे हिरव्या राहिल्या, ते उपकार आम्ही विसरणार नाही.

पण याच ओटाने माझी एक गाय गेली. उकिरड्यालगतचा वाफा, शेणखताने मातलेला. वर युरियाही सढळ हाताने टाकलेला. आठवडाभर आभाळ होते. सकाळपासून उपाशी असलेल्या गाई मी त्या वाफ्यात चरायला सोडल्या. दुपारी एकीला धाप लागली, पाय लटपटले, हिरड्या निळसर पडल्या. डॉक्टरांनी रक्त काढले, ते चॉकलेटच्या रंगाचे. यावरचा उतारा, मेथिलीन ब्लू, शोधायला माणूस धावला; तो परत येईपर्यंत गाय थंड झाली होती.

गावात सगळे म्हणाले, किराळ लागली. ही गल्लत फार महागात पडते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची किराळ म्हणजे सायनाइड. त्यात रक्त लालभडक दिसते. आमच्या ओटात होते नायट्रेट. ढगाळ हवेत पिकाला त्याची प्रथिने करता येत नाहीत, ते बुडख्यात साठते. कोठीपोटात त्याचे नायट्राइट होते आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. किराळीवर सोडियम नायट्राइट टोचतात; तेच अशा गाईला दिले, तर उरलासुरला श्वासही जातो.

वाळवल्याने किराळ ओसरते, नायट्रेट नाही. अमेरिकेत वायोमिंगच्या संशोधकांनी 1939 सालीच दाखवले, की वाळल्या ओटाने गुरे दगावण्याचे कारण नायट्रेट हेच होते. मुरघासात ते बरेच कमी होते, पण सगळे जात नाही. सुक्या वजनाच्या 1 टक्क्याच्या वर नायट्रेट असलेली वैरण उपाशी जनावराला घालणे म्हणजे जिवाशी खेळ. आधी कडबा घाला, ओट वरून कापा, बुडखा रानात सोडा.

नायट्रेट ओळखायला डायफिनाइलअमाइनचा थेंब चिरलेल्या बुडख्यावर टाकला आणि तो गडद निळा झाला, तर चारा थांबवायचा. एवढी सोपी परीक्षा आमच्या गावापर्यंत आलेली नाही. म्हणून इथे जमलेल्या पशुवैद्यक व चारापीक तज्ज्ञांना माझी एकच विनंती आहे: प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही परीक्षा आणि मेथिलीन ब्लू कायम हाताशी असावे, असा ठराव आज संध्याकाळपर्यंत करूनच उठा.