मेंदूची चाचणी आणि कोर्टातला पुरावा

गंगापूरच्या चहाच्या टपरीवर एखाद्या खटल्याचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, "नार्को करा, सगळं बाहेर येईल!" नार्को म्हणजे औषधाच्या अंमलाखाली केलेली चौकशी; तिच्याबद्दलचा हा समज फार खोल रुजला आहे.

असाच विश्वास मेंदूच्या चाचणीवरही ठेवला गेला. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना आरोपी तरुणीच्या मेंदूच्या चाचणीचा अहवालही विचारात घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूतल्या विद्युतलहरींवरून ठरवायचं, की हे तिने स्वतः अनुभवलं आहे. अनेक शास्त्रज्ञांनी याला हरकत घेतली. माझ्या मते ती रास्तच होती.

कारण आठवण बदलते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची फिल्म दाखवली. मग विचारलं, वेग किती होता? काहींना प्रश्नात 'गाड्या एकमेकींना लागल्या' असं म्हटलं, काहींना 'जोरात आदळल्या'. आठवड्याने 'आदळल्या' ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांना फुटलेल्या काचा आठवत होत्या. 'लागल्या' ऐकलेल्यांपैकी 7 जणांना. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती! ही गोष्ट 1974 ची. मग मेंदूतली लहर खऱ्या अनुभवाची की अशा बनलेल्या आठवणीची, हे कसं ठरवणार?

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी नावाच्या खटल्यात अशा चाचण्यांबद्दल निकाल दिला. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग (म्हणजे अशीच मेंदूची चाचणी), यातलं काहीही जबरदस्तीने करता येत नाही. संमतीने केलं तरी त्याचा निष्कर्ष हा थेट पुरावा ठरत नाही.

तेव्हा कुणी अशा चाचणीसाठी विचारलंच, तर आधी वकिलाशी बोला. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते.